देवू मास्टरांच्या चार मात्रा

वडप्याचा लडकू आयुष्यात दोनच माणसांना भ्याला: गोडाऊनच्या सुपरवायझरला आणि दिघाशीच्या ठमाबाईला. त्या मंगळवारी सुपरवायझर रजेवर होता. उरली ठमाबाई, आणि ती एकटीच दोघांना पुरून उरणारी!

तिचे यजमान देवू मास्टर वर्षापूर्वी गेले. तरुणपणी ते मुंबईच्या एका हॉटेलात गोव्याच्या मंडळींबरोबर जॅझ वाजवत. तिथला बाजा बंद पडला तसे सॅक्सोफोन काखोटीला मारून गावी आले आणि भिवंडीच्या वराती गाजवू लागले. नवरदेवाच्या घोड्यापुढे जॅझ वाजवणारा माणूस अख्ख्या तालुक्यात एकच. लडकू वीस वर्षं त्यांच्या मागे चालत चालतच शिकला.

वर्षश्राद्ध झाल्यावर शिष्यांनी शनिवारी शहरातल्या एका हॉलमध्ये मास्टरांच्या नावाने जॅझचा कार्यक्रम केला. ठमाबाईने पेटीतला सॅक्सोफोन काढून लडकूला दिला, पण अट घालून. "लोकांनी चांगला बोलला तर तुझा. न्हायतर मनोज मागतोय, त्याला देन."

मनोज तिचा पुतण्या. वळ गावात त्याची गोडाऊनं, आणि ऑफिसात काचेचं कपाट. त्यात सॅक्सोफोन उभा करून खाली रंगीत दिवा लावायचा त्याचा बेत. वाजवणं सोडा, साहेबांना साधी शिट्टी येत नाही.

आणि मंगळवारी गावचं साप्ताहिक आलं. त्यात भूपेश सरांचं परीक्षण. सर गाणं ऐकताना डोळे मिटतात, म्हणून लोक त्यांना जाणकार म्हणतात. घरचे झोपाळू म्हणतात. सरांनी लिहिलं होतं: 'शेवटच्या रचनेत ऐन रंगात सॅक्सोफोन चार मात्रा गप्प झाला. वादक श्री. लडकू वाट विसरले, हे उघड आहे. गुरूला वाहिलेल्या कार्यक्रमात हे घडावे, याचा खेद होतो.'

लडकूच्या हातातला चहा थंड झाला. विसरले? अहो, त्या चार मात्रा मास्टरांच्याच! त्या धूनमध्ये, त्याच जागी मास्टर दर वेळी थांबत. का, ते लडकूने कधी विचारलं नाही. गुरूला असलं विचारत नाहीत. त्याने चलानाच्या पाठीवर तिथल्या तिथे उत्तर खरडलं: 'सर, ती चूक नव्हे, ते मौन. मास्टर त्या जागी अंतर्मुख होत.'

पण सरांचं राहू दे. ठमाबाईला वाचता येत नसे. तिची नात पूर्वा दोनला कॉलेजातून येऊन तिला साप्ताहिक वाचून दाखवी, अगदी जाहिरातींसकट. त्याच्या आत पोचायला हवं होतं. लडकूने बाईक काढली, तर नाक्यावर कंटेनरची ही रांग. घड्याळ बघून बघून त्याची मान दुखली. पाठीवरची पेटी आता आपली नाहीच, असं धरून तो दर दोन मिनिटांनी हात मागे नेऊन ती चाचपत होता.

सव्वादोनला पोचला. ओटीवर पूर्वाची बॅग, आणि ठमाबाईच्या मांडीवर साप्ताहिक.

"ये. मधीच इसरलास म्हनं?"

"न्हाय काकी! मास्टर तिथं थांबायचेच. मौन होतं त्यांचं." त्याने घाईघाईने चलान वाचून दाखवलं. अंतर्मुखला त्याची जीभ अडखळली.

पूर्वाने ओढणी तोंडाला लावली.

"मौन?" ठमाबाई म्हणाली. "अर, ज्याला जेवताना मौन जमला न्हाय, त्याला वाजवताना काय जमल?" तिने अंगणाकडे बोट केलं. "हॉटेलातून सुटीला आला का दारापासून विहिरीपर्यंत तीच धून वाजवत चालायचा, पाय तालात टाकत. मधी पान्याची चर होती. एकदा उडी मारली न् पितळ दातावर आपटला. पुढचा दात खलास. तवापासून चर आली का बाजा तोंडातून काढायचा, उडी मारायचा न् परत लावायचा. तीच सवय वरातीत, तीच हॉटेलात."

मास्टरांचा तो दात मुंबईच्या हॉटेलातल्या गाणारीपायी झालेल्या मारामारीत पडला, असं अख्खी दिघाशी सांगे, आणि मास्टर नुसते हसत. आणि आपण वीस वर्षं एका चरीला नमस्कार करत होतो?

"मंजे सरांचं बरोबर?" त्याने विचारलं. हात आपोआप पेटीचा पट्टा खांद्यावरून उतरवू लागला.

"थांब. बाजा काढ. दारापासून वाजवत चाल."

चर केव्हाच बुजली होती, वरून काँक्रीट. लडकू निघाला. आता थांबलो तर जाणूनबुजून चूक, न थांबलो तर मास्टर कुठे उरले? धून त्या जागी आली. त्याचं डोकं ठरवायच्या आत पाय उचलला गेला, सॅक्सोफोन ओठांवरून सुटला, आणि सपाट काँक्रीटवर लडकूने टुणकन उडी मारली. मग पुन्हा सूर लागला.

मागे वळून पाहायचं त्याला धैर्य होईना. पूर्वाचं हसू थांबलं होतं. ठमाबाई त्या काँक्रीटकडे बघत बोटांवर मोजत होती, आणि बरोबर चार बोटं मोजून झाल्यावर सूर आला होता.

"घेऊन जा," ती म्हणाली. "मनोजच्या कपाटात चर कुठशी येनार?"

लडकू चलान पुढे करत म्हणाला, "न् सरांना काय लिवू?"

"इसरला न्हाय, तिथं चर होती, असा लिव." मग तिने आवाज खाली आणला. "दाताचा नको लिवू. त्या हॉटेलवालीची गोष्ट ऱ्हाऊ दे गावात. मना आवडते."