नेवाशाहून आलेला फोन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. भावाला नाही, चर्चमधल्या बायकांना नाही. दर रविवारी उपासनेत सगळ्यांबरोबर पापकबुलीची प्रार्थना म्हणते, आणि हे एवढं मात्र — गिळून टाकते. तुम्हाला सांगते आहे. पण समजून घ्या असं म्हणणार नाही. समजून घेणाऱ्यांचाच मला राग येतो.

इथं नगरमध्ये मला मोठ्या मनाची नणंद म्हणतात. परक्या मुलखातल्या भावजयीला हिनं व्यवसायात आणलं, हिनं उभं केलं — असं तोंडावर म्हणतात. मी हसते. आणि त्याच वेळी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

न्गोझी ही माझ्या धाकट्या भावाची, सुहासची बायको. तो नायजेरियात एका कारखान्यात नोकरीला होता, तिथं दोघांचं जमलं. ती तिथल्या इग्बो समाजातली, एनुगू शहराकडची. आमच्या आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा दोघं नगरला आली आणि राहिली. सुहास एमआयडीसीत लागला. आईचं अंग पुसणं, तिला भरवणं, सगळं न्गोझी करायची. दुपारी आई झोपली की चित्रं काढायची. बारीक, वळणदार रेषा आणि मध्ये भरपूर मोकळी जागा. त्याला उली म्हणतात. तिची आजी फळांच्या रसानं गावातल्या बायकांच्या अंगावर अशा रेषा काढायची, आणि घरांच्या भिंतींवरही.

सावेडीत माझं शिवणाचं दुकान आहे. चित्रं कापडावर छापून घ्यायची आणि त्याच्या ओढण्या, जाकिटं, पिशव्या करायच्या, ही कल्पना तिची. कापड कुठलं, कुठली रेष खांद्यावर यायला हवी, सगळं तीच ठरवायची. मी फक्त शिवायची. फक्त — हा शब्द तेव्हा मला किती टोचायचा, तेही सांगून टाकते.

पहिलं प्रदर्शन एका मंगल कार्यालयात भरलं. बायका यायच्या, ओढणी हातात घ्यायच्या, मग न्गोझीकडे बघायच्या आणि ओढणी खाली ठेवायच्या. एकीनं विचारलं, "रंग जातो का हो?" आणि मैत्रिणीकडे बघून हसली. ते हसणं आठवलं तरी अजून माझं डोकं फिरतं. पण तेव्हा मी काय केलं? मीही हसले.

दुपारी मीनाक्षीबाई आल्या. नेवाशाला त्यांचं कपड्यांचं मोठं शोरूम आहे. एकेक कापड उलगडून बघितलं त्यांनी. न्गोझी मागे पडद्याआड इस्त्री करत होती.

"डिझाइन कुणाचं?"

"माझं," मी म्हटलं. तिथं तरी थांबावं की नाही? "आमच्या तिसगावच्या आजीची कला आहे. ती भिंतींवर काढायची."

माझ्या आजीनं जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपलं. भिंतीवर एक रेघ ओढली नाही तिनं. पण मला त्या क्षणी एक आजी हवी होती, म्हणून न्गोझीची घेतली.

"आणि आत कोण आहे?"

"कामाला आहे."

घरी आल्यावर न्गोझीनं विचारलं. मराठी तिला आईनं शिकवलेलं, तिसगावकडचं. "ताई, मी कामाला हाय?" मीच उलट तिच्यावर ओरडले. तुझ्या नावावर इथं चिंधी खपणार नाही, म्हणाले. ती शांतपणे म्हणाली, "मग मला इचारून सांगायचं हुतं."

एवढं घरात सगळ्यांना माहीत आहे. सुहासनं माझ्याशी बोलणं टाकलं. शेवटी आईच्या खाटेपाशी मी न्गोझीची माफी मागितली आणि तिनं मला जवळ घेतलं. ही गोष्ट मी महिला मंडळात डोळे पुसत सांगितलीसुद्धा आहे. बायका म्हणाल्या, किती धीराची तू. ती माफी मी दागिन्यासारखी मिरवते. का माहीत आहे? तिच्यामागे दुसरं लपतं म्हणून.

माफीनंतर काही दिवसांनी न्गोझी एकटीच एसटीनं नेवाशाला गेली. मीनाक्षीबाईंना खरं सांगून टाकते आणि माझ्या नावानं माल ठेवता का विचारते, म्हणाली. चित्रांची गुंडाळी काखेत घेऊन गेली. मी जा म्हटलं. मनापासून म्हटलं होतं — निदान तसं मला वाटत होतं.

दुपारी दुकानातला फोन वाजला.

"मार्थाताई, तुमच्याकडची ती बाई आलीय. म्हणते, मी त्यांची भावजय, चित्रं माझी आहेत. काय प्रकार आहे हा?"

एका शब्दाचं काम होतं. दुकानात कुणी नव्हतं. न्गोझीची माफी तर मी मागून मोकळी झाले होते. हो म्हटलं असतं तर संपलं असतं.

मी म्हटलं, "भावजय आहे, पण तिच्या डोक्यावर परिणाम झालाय. काहीही बोलते. जरा गोड बोलून गाडीत बसवून द्या."

हो, असंच म्हटलं. आवाजही हळवा केला होता. का? त्या बाईंनी मला खोटारडी म्हणू नये म्हणून. दुसरं काही कारण नाही. शोधून बघितलं, नाही सापडलं.

मीनाक्षीबाईंनी तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि माणूस बरोबर देऊन स्टँडवर पोचवलं. नंतर न्गोझीचे फोन उचलले नाहीत. त्या संध्याकाळी ती ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "लई गोड बोलल्या. पन येड्याशी बोलत्यात तसं. माझं मराठी त्यांना कळलं न्हाई वाटतं."

"तसंच असेल," मी म्हटलं, आणि तिला चहा करून दिला.

आई गेल्यावर ती दोघं पुण्याला गेली. आज तिच्या प्रत्येक कापडावर तिचं नाव असतं. हाताखाली मुली आहेत, परदेशातून मागणी येते. मराठी तिनं शाळेच्या पुस्तकांवरून पुन्हा शिकून घेतलं. आईनं खाटेवरून शिकवलेलं एकेक हाय, एकेक न्हाई खरवडून काढलं. नेवाशाच्या बाईंना माझं बोलणं कळलं नाही, म्हणून शिकले — हे ती नव्या मुलींना हसत सांगते. माझ्यासमोर सांगते. त्या दिवशी ताईंनी चहा करून दिला नसता तर मी हे सगळं सोडून दिलं असतं, असंही सांगते.

तेव्हा मला तिचाही राग येतो. इतकी कशी ही विश्वास ठेवते? बघा, अजून दोष मी तिलाच देते आहे.

पुढच्या महिन्यात पुण्यात तिचं स्वतःचं दुकान उघडतंय. परवा फोन आला होता. "ताई, फीत तुम्हीच कापायची आहे. याल ना?"

मी हो म्हटलं. नेसायची साडीही काढून ठेवली आहे.