विमानातलं बाळ

आमच्या घराण्यात विमानात बसलेला पहिला माणूस मी. वय वर्ष एक, तेही अंदाजे. विमान कापडी पडद्यावर रंगवलेलं होतं आणि ते गावच्या मंडईत उभं होतं. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा पाळणे, दुकानं, रात्रभर नाटक. त्या वर्षी एक फोटोवालाही आला होता. फोटोत विमानापुढं माय खुर्चीवर बसली आहे, मांडीवर बाळ, बाळाच्या डोक्याला कुंची, उजवी मूठ घट्ट मिटलेली. मुठीत जिलेबी आहे. रडणं थांबेना म्हणून फोटोवाल्यानंच ती आणून दिली होती.

हे मला कसं माहीत? आठवतं! बोटांना लागलेला पाक, फोटोवाल्याच्या शर्टाला येणारा विडीचा वास, सगळं आठवतं. वर्षाच्या पोराला एवढं आठवत नसतं, हे कळण्याइतका मी शहाणा आहे. पण लग्नाकार्यात जेवणं झाली की लोकच म्हणायचे, "भाऊ, ते विमानाचं सांगा नं." मग मी सांगायचो. दरवेळी विडीचा वास थोडा वाढायचा.

यंदा लेक पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे ब्रह्मपुरीला आली. डॉक्टरीणबाईंनी आराम सांगितला, तर हिनं घराची भिंत हाती घेतली. "बाबा, येणाऱ्याला कळायला पाहिजे आपण कोण, कुठले." पेटीतले जुने फोटो काढले, मोठे करून आणले, चौकटी बसवल्या, प्रत्येकाखाली छापील पट्टी लावली. विमानाखाली लिहिलं, 'आजी आणि बाबा, गावची मंडई'. ती पट्टी जरा मोठ्या अक्षरात कर, एवढीच नम्र सूचना मी केली.

मग सावली गावाहून आत्या आली, लेकीला बघायला. चष्मा लावून भिंत बघत बघत विमानापाशी थांबली.

"हे काय लिवलं? बाबा म्हंजे कोण?"

"मी, आत्या."

"हा तू नाई होय बाबू. हा तुह्या आंधीचा. त्या मंडईच्या वक्ती तू मायच्या पोटात होतास."

"मग मी दिसत नाई काऊन?" गोंधळला की माणूस काय वाट्टेल ते विचारतो.

"दिसशीन कसा? लुगड्याआड आहेस."

मला एक मोठा भाऊ होता आणि तो लहानपणीच तापानं गेला, इतकंच मला ठाऊक होतं. आमच्या घरी त्याबद्दल याहून मोठं वाक्य कधी झालं नाही. आजोबांनी त्याची कुंची, खुळखुळा, दुपटं, सगळं वैनगंगेत सोडलं आणि नाव घ्यायचं नाही असं ठरवून दिलं. मागं राहिलेल्या वस्तू पुढच्या पोराला ओढून नेतात, असं तेव्हा मानत. पुढचं पोर म्हणजे मी.

"तसं असतं तर आजोबांनी हा फोटो ठेवला असता का?" मी आत्याला पेचात पकडलं.

"फोटोवाला म्हने आठ दिवसांत आनतो, अन् आला पुढच्या मंडईले. तवा तुहा भाऊ गेलता अन् तू कडेवर होतास. मह्या बापानं ओसरीतून विचारलं, कोणाचा फोटो होय? तुह्या मायनं तुह्याकडं बोट केलं. म्हने, याचा."

"अन् तू?"

"मी बाजूलेच होती. मी काऊन बोलू?"

माय परसात सुपात लाखोळीची डाळ पाखडत होती. मी जाऊन विचारलं. तिनं आधी दारात उभ्या लेकीच्या पोटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"तुहाच होय."

"पण आत्या म्हणते..."

"तुह्या आत्याले सोताच्या घरचं मांजर वळखू येत नाई."

आत्या दुपारच्या बसनं गेली आणि मला भिंतीपुढं सोडून गेली. मी आरशात कान पाहिले, फोटोतले कान पाहिले. मोबाइलवर बाळ इतकं मोठं केलं की त्याचे नुसते चौकोन झाले. फोटो भावाचा असेल तर माझ्या लहानपणाचा एकही फोटो नाही, शिवाय ती जिलेबी, ती विडी मला कुणाची आठवते? आणि फोटो माझा असेल तर त्याचं या जगात काहीच उरलं नाही. मला नेमकं काय हवं होतं, हेही कळेना.

संध्याकाळी लेकीनं जिलेबी मागवली. पोटातलं मागत होतं म्हणे. बशी माझ्यापुढं आली तशी मी नेहमीसारखी पुढं सरकवली. मला जिलेबी आवडत नाही. कधीच आवडली नाही.

"त्याले लय आवडे," माय म्हणाली.



"कोणाले, आजी?" लेकीनं विचारलं. आजीशी बोलताना ती आजीचीच भाषा बोलते.

"तू नको आयकू. पोटुशी आहेस."

"मले आयकाचं आहे."

माय बशीकडं बघत राहिली. "फोटोवाल्यानं देल्ली ते मुठीत धरली, सोडेच नाई. झोपला तरी मूठ उघडे नाई. मुंग्या लागल्या हाताले." आणि ती हसली, तो शेजारच्या खोलीत झोपला असावा तसं.

लेकीनं उठून पट्टी नखानं सोडवली. "आजी, काय लिवू?"

"काई लिवू नको. हा सांगते नं समद्याईले," माझ्याकडं हनुवटी करून ती म्हणाली.

तेव्हापासून विमानाखाली पट्टी नाही. परवा शेजारचे भाऊ भिंत बघायला आले, फिरत फिरत तिथं थांबले. "हे बाळ कोण?" माय खाली बसून पाखडत होती. माझं तोंड सवयीनं सुटलं, "आमच्या घराण्यात विमानात बसलेला पहिला माणूस..."

सुपाचा आवाज थांबला.

"...माझा मोठा भाऊ," मी म्हणालो. "त्याला जिलेबी फार आवडायची. मीही होतो तिथं, पण लुगड्याआड. मला विमान दिसलं नाही."

शेजारच्यांना काहीच कळलं नाही. मला सगळं कळलंय असंही नाही. बोटांचा पाक अजून मला माझ्याच बोटांवर आठवतो. पण "अन् मुंग्या?" असं मायनं खालूनच विचारलं, म्हणून मी मुंग्याही सांगितल्या, आणि सूप पुन्हा वाजायला लागलं.