टीव्हीवरच्या पोराचे केस

देवळीच्या बाजारात तुरीच्या ओल्या शेंगांचा वास आला की मले ती दुपार आठवते. मी अन् माही बायको यमुना शेंगा सोलत टीव्ही पाहून राह्यलो होतो. पोरापोरींच्या गाण्याचं ते विदेशी चॅनेल पहिले नुसतं इंग्रजी बोले. मग त्यायनं आपल्या देशासाठी वेगळं काढलं, ते हिंदीत बोलायले लागलं, अन् यमुनेले त्याचं येडच लागलं. गाणे सांगणाऱ्या पोराचे केस काट्यावानी उभे राहत.

"याच्या मायनं याले कधी तेल नाई लावलं का वो?" ती म्हणाली.

मी हासलो. दुसरी शेंग फोडून मान वर केली, तं ती भिंतीले टेकल्या टेकल्या गेलती. मूठ उघडी, दाणे मांडीवर. टीव्हीतला पोरगा तिकडं हासूनच राह्यला होता. आत्ता बोलली अन् मेली? मले अजूनही खरं वाटत नाई.

आता त्या चॅनेलवर गाणे नाईत, नुसते भांडणं असतात.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी टीव्ही लावला. माही बहीण धावत आली.

"दादा, सुतक हाय ना! काऊन लावला?"

"थांब वं," मी म्हटलं. "आज तरी त्याले कोणी तेल लावलं का, पाहू दे मले."