पोरगं घरातलंच हाय

डॉक्टर मित्रमैत्रिणींनो, आज मी आपल्याच लोकांवर चिडलेय.

जतजवळच्या माझ्या आरोग्य केंद्रात एक मुलगी येते. शाळेपासून लोहाच्या गोळ्या खातेय, तरी रक्त कमीच. प्रत्येक डॉक्टरने नवं पाकीट हातात दिलं आणि मोकळे झाले. शेवटी मी तिचं रक्त सांगलीला वेगळ्या तपासणीसाठी पाठवलं. आज रिपोर्ट आला, थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आईवडिलांकडून रक्तातच आलेला दोष, जो लोहाच्या गोळ्यांनी जात नाही. तिला स्वतःला फारसा त्रास नाही. पण नवराही तसाच निघाला, तर बाळाला जन्मभर रक्त चढवावं लागू शकतं.

आणि तिचं लग्न ठरलंय मामाच्या मुलाशी.

मामा बाहेरच बसले होते. तिनेच त्यांना आत बोलावलं. मी म्हटलं, मुलाचंही रक्त तपासून घेऊ.

"आवं मॅडम, पोरगं घरातलंच हाय. त्याला काय तपासायचं?"

"घरातलं आहे म्हणूनच तपासायचं, मामा."

ते भडकले. "आमच्या रक्तात खोट काढताय व्हय?" तरातरा दारापर्यंत गेले, मग मागं वळले. "आलोयच तर मला बी द्या त्या गोळ्या. माझं बी रक्त पहिल्यापास्नं कमीच हाय."

घरात आणखी कुणाचं रक्त कमी आहे, एवढं विचारायला इतकी वर्षं आपल्याला काय झालं होतं?