कस्तुराबाईंचा हात

कस्तुराबाई निपाणीकडच्या. लग्न होऊन बेंगळुरूला आल्या आणि मुलांच्या सुधारगृहाच्या स्वयंपाकघरात शिरल्या, त्याला वीस वर्षं होत आली होती. चोरीत सापडलेली, मारामारीत धरलेली पोरं तिथं असत. बाईंनी कधी कुणाला गुन्हा विचारला नाही. किती खाणार, एवढंच विचारलं. उजव्या मनगटावर तुळशीचं हिरवं गोंदण होतं. वाढताना ते वाफेत न्हात प्रत्येकाच्या नाकासमोरून जाई. मोठी झालेली पोरं पुढं जयनगरच्या बाजारात त्या हातावरूनच बाईंना ओळखत.

शहाण्णव साली विद्याधर नावाच्या पुण्याच्या दिग्दर्शकानं अशाच सुधारगृहावर कन्नड मालिका काढली. कोरमंगल्यातल्या रिकाम्या गोदामात गज लावले, पोरांची पंगत मांडली. जेवण खरं हवं म्हणून रविवारी बाईंना बोलावलं. बाईंनी नाचणीच्या पिठाचे मुद्दे, म्हणजे उकडलेले गोळे, वळले, गुळगुळीत, मुठीएवढे, आणि त्यावर ओतायला पातेलंभर सारू, तिकडची पातळ आमटी, केलं.

मालिकेतली आचारीण दुष्ट होती. ते काम करणारी नटी त्या दिवशी आलीच नाही.

"बाई, तुम्ही उभ्या राहा," विद्याधर म्हणाला. "नुसता हात दिसेल. पोरानं जास्त मागितलं की ताट हिसकायचं आणि रिकामंच परत सरकवायचं."

"हातच ना? सरी, चालेल," बाई म्हणाल्या.

सोबत आलेली लेक सुचेता हसली. "आई, तोंड दिसलं तर एकवेळ चालेल. हात तर सगळे ओळखतात. वीस वर्षं वाढलंस, आणि आता टीव्हीवर पोराचं ताट ओढणार?"

बाईंचा चेहरा उतरला. पण शब्द देऊन बसल्या होत्या. त्यांनी पदर मनगटावर ओढला.

"पदर काढा, गोंदण छान दिसतंय," विद्याधर म्हणाला.

कॅमेरा सुरू झाला. कैदी पोराचं काम करणाऱ्या अवधूतनं ताट पुढं केलं. बाईंनी ते झटक्यात हिसकलं. त्यांच्या गावात शेजारणीचं भांडं कधी रिकामं परत जात नसे. काही नाही तर चिमूटभर साखर तरी त्यात पडे. बाईंचा हात आपोआप परातीकडं वळला. ताट परत गेलं ते मुद्द्यासकट.

"कट. बाई, रिकामं."

"चुकलं हो."

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. वाढलेलं टाकायचं नाही, अशी बाईंची ताकीद असल्यानं अवधूत दर खेपेला मुद्दा संपवत होता.

"अक्का," तो कळवळून म्हणाला, "पुढचा स्वल्प लहान वळा."

विद्याधरनं कपाळाला हात लावला. "बाई, जाणूनबुजून करताय का?"

"नाही हो. मी ऐकतेय, हात ऐकत नाही. तुम्हाला ती दुष्टच हवी ना? मग शिव्या द्यायला लावा. त्या मी रोज देते."

चौथ्या खेपेला बाईंनी तोंड सोडलं, अर्धं मराठीत, अर्धं कानडीत. "मेल्या, पोट आहे का रांजण? कालचं कुठं गेलं?" आणि मुद्दा ताटात. अवधूतला हसू आवरेना. कॅमेरावाला हसला. विद्याधर कट म्हणायचं विसरला.

महिन्याभरानं तो भाग लागला, तेव्हा गल्ली बाईंच्या खोलीत दाटली होती. बाई दारापाशी उभ्या होत्या, कुणी बोट दाखवलं तर निघून जाता यावं म्हणून. पडद्यावर गोंदणाचा हात आला. ताट ओढलं गेलं. बाईंनी एक पाऊल उंबऱ्याबाहेर टाकलं. मग ताट परत आलं, भरलेलं.

"अक्का, हात तुमचाच," शेजारचे गुंडू अण्णा म्हणाले.

बाई आत येऊन बसल्या, पडद्याकडं निरखून बघत राहिल्या.

"सारू वाढायचं राहिलंच की," त्या म्हणाल्या.