मेमरीचे सारखे वाटे

मानपाड्याच्या एका गाळ्यात आमची छोटी कंपनी कारखान्यांसाठी गॅसगळतीचे अलार्म बनवते. त्यांचे प्रोग्राम मी लिहिते. पहिलंच मशीन आठवडाभर चाललं की मुकं व्हायचं. प्रत्येक कामाला हवी तेवढी मेमरी कापून देता देता शेवटी नुसत्या चिंध्या उरायच्या, सलग तुकडा मिळायचाच नाही.

कंपनीचे मालक, म्हणजे आमचे सर, म्हणाले, "एवढं काय त्यात? रोज पाळी बदलताना रिस्टार्ट करायला सांगू. दोन मिनिटांचं काम."

मी भडकले. बाबा युनियनचे, कारखान्यांच्या गेटवर त्यांच्यासोबत पत्रकं वाटत मी मोठी झाले. पत्रकं पाळी बदलतानाच वाटतात, कारण दोन्ही पाळ्यांची माणसं तेव्हा एकदम भेटतात.

"सर, नेमकी तेव्हाच आत दुप्पट माणसं असतात. आणि आपलं मशीन तेव्हाच झोपणार?"

सरांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग म्हणाले, "बरं. मेमरी वाटायचा प्रोग्राम तूच लिही. पण शुक्रवारी मशीन कारखान्याकडे गेलं पाहिजे."

मी सी भाषेत लिहायला बसले. सुरुवातीलाच मेमरीचा एक मोठा पट्टा घ्यायचा, त्याचे सारखे तुकडे करायचे. मागेल त्याला एक. काम झालं की परत. स्क्रीन असो, नोंदी असोत, भोंग्याला द्यायचा निरोप असो, कोणी मोठा नाही. चिंध्या बंद. जाहीरनामा लिहिल्यासारखं वाटत होतं मला.

टेस्टिंग करणाऱ्या ताईंनी मशीनवर नोंदींचा भडिमार केला आणि ज्योत न पेटवता लायटरचा गॅस सेन्सरवर सोडला. भोंगा वाजलाच नाही. सगळे तुकडे नोंदींनी घेतलेले; भोंग्याचा निरोप रांगेत उभा.

"काय गं कॉम्रेड, माणसं गेल्यावर नंबर लागणार का याचा?"

"पण ताई, एकालाच वेगळा नियम..."

"कळव्याला आमचं पाणी जातं ना, तेव्हा एक कळशी फक्त प्यायची. सासूबाई आल्या तरी आंघोळीला त्यातलं मिळत नाही. अपमान झाला का त्यांचा?"

त्यांचं पटलं, म्हणून अजूनच राग आला. त्या रागातच काही तुकडे फक्त भोंग्याच्या निरोपासाठी वेगळे काढले; इतर कामांना ते दिसणारच नाहीत असे. ताईंनी पुन्हा भडिमार केला, पुन्हा गॅस सोडला.

भोंगा असा बोंबलला की शेजारच्या गाळ्यातले धावत आले. "अरे बंद करा ना तो!" त्यांच्यातलं कोणीतरी ओरडलं. सर कानांवर हात ठेवून हसत होते. स्विच माझ्यापाशी होता. मी आणखी थोडा वेळ वाजू दिला.