सुमेध किसनोविच

सुमेध गेल्याची बातमी मला आमच्या जुन्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर समजली. हडपसरच्या ऑफिसात दुपारची मीटिंग चालू होती आणि कुणीतरी पडद्यावर दाखवत असलेल्या आलेखाकडे बघण्याचं सोंग मी करत होतो. ग्रुपवर कोणीतरी इंग्रजीतली तीन अक्षरं टाकली होती, खाली सुमेधचं आडनाव आणि पुढे ‘सर’. मग जोडलेले हात सुरू झाले. संध्याकाळपर्यंत पडदाभर नुसते हातच हात. ज्यांनी वर्षानुवर्षं त्याला एक फोन केला नव्हता ते ‘न भरून येणारी पोकळी’ असं लिहीत होते. सध्या कॅनडात असलेल्या एका बाईंनी ‘किती डाउन टु अर्थ माणूस’ असं लिहिलं. सुमेध तसा मुळीच नव्हता. तो भयंकर अहंकारी होता, त्याला आमच्यापैकी बहुतेकांचा तिटकारा होता आणि तो लपवण्याचे कष्ट तो घेत नसे. मीही हात टाकले. बघितलं, सगळ्यांनी एकेक जोडी टाकली होती, म्हणून मी आणखी एक टाकली. मी त्याचा जवळचा मित्र ना...

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा आम्ही विद्यापीठात रशियन शिकायला एकत्र आलो. मी आलो कारण इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला नव्हता आणि रशियन केलं की मॉस्कोची शिष्यवृत्ती मिळते असं माझ्या वडिलांना बँकेतल्या कुणीतरी सांगितलं होतं. सुमेध यवतमाळकडच्या खेड्यातून आला होता. तिथल्या वाचनालयात एक गुळगुळीत कागदाचं सोव्हिएत मासिक यायचं आणि गावातली सगळी मुलं त्याची पानं फाडून वह्यांना कव्हरं घालायची. याने कव्हर घालण्याआधी पानं वाचली, एवढाच काय तो फरक. त्याचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते.

पहिल्या दिवशी मॅडमनी हजेरी घेतली. त्या स्वतः बरीच वर्षं मॉस्कोत राहून आलेल्या. रशियात मोठ्या माणसाला मान द्यायचा तर त्याचं नाव आणि त्याला जोडून वडिलांचं नाव घेतात, हे त्यांनी सांगितलं. तिकडे विद्यार्थ्यांना कोणी अशी हाक मारत नाही, पण जिभेला सवय व्हावी म्हणून आमच्या वर्गात रोज असंच चालणार होतं. वडिलांचं नाव मुकुंद, म्हणून मी श्रीकांत मुकुंदोविच झालो. मग सुमेधची पाळी आली. त्याने नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, मॅडमनी ‘सुमेध किसनोविच’ असं लिहून घेतलं आणि पुढच्या मुलीकडे वळल्या. तो उभाच राहिला.

“बसा की,” मॅडम म्हणाल्या. “अजून काही सांगायचंय?”

तो बसला. कशाची वाट बघत होता ते त्याने मला नंतर कँटीनमध्ये सांगितलं. “पुण्यात आल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी माह्या बापापाशी थांबलं बे. बाकी सारे पुढे जातात, आडनावापर्यंत.” शुद्ध मराठी तो काही महिन्यांत आमच्याहून चांगली बोलू लागला, पण कोणाला तुच्छ लेखायचं असलं किंवा फार मनातलं बोलायचं असलं की त्याचं वऱ्हाडी वर यायचं. माझं आडनाव पुण्यात कोणत्याही प्रश्नाचं उत्तर म्हणून चालतं, त्यामुळे तो काय म्हणत होता ते मला तेव्हा समजलं नाही. समजलं ते त्याच्याबरोबर कोथरूडला खोली बघायला गेलो तेव्हा. मालकांनी आपण कुठले, काय करता, आडनाव काय, असं अगदी आदराने विचारलं आणि म्हणाले, “अहो, आमचं तसं काही नाही, पण खोली कालच गेली.” सुमेधने तितक्याच आदराने विचारलं, “कुठे गेली?” दार लागलं. मी जिन्यात हसलो. मला तो विनोद वाटला होता. शेवटी त्याने येरवड्यात खोली घेतली आणि आयुष्यभर तिथेच राहिला. शेजारी तुरुंग आहे ते उत्तम, म्हणायचा, तिथे आडनाव विचारत नाहीत, नंबर विचारतात.

शिष्यवृत्ती मला मिळाली नाही, त्याला मिळाली. गावात किसनरावांचा सत्कार झाला. सुमेधने तुळशीबागेतून जाड लोकरी टोपी आणली, आणि मग तो देशच मोडला. ज्या कचेरीने पत्र पाठवलं होतं तिथून पुढे उत्तरच आलं नाही. आपल्याकडे त्याच सुमारास दारं उघडली आणि पुण्याला अक्कल आली. रशियनचे वर्ग रिकामे झाले, जर्मनच्या वर्गात बसायला बाकं पुरेनात, जपानीला तर लोक सकाळी सहाला रांग लावायला लागले. या मंडळींबद्दल सुमेध जे बोलायचा ते छापण्यासारखं नाही. सौम्य भाषेत सांगायचं तर, हे लोक भाषा शिकत नाहीत, व्हिसा शिकतात, असं त्याचं मत होतं. त्यांना त्या देशातला एकही माणूस नको असतो, नोकरी फक्त हवी असते. मी एम. ए. अर्धवट सोडलं, एक कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि कंपनीत लागलो. त्याला सांगायला गेलो तेव्हा माझ्या चेहऱ्यावर अपराधी भाव असणार. तो म्हणाला, “जातोस तर जा. पण असं तोंड घेऊन जाऊ नको. तुझ्या तोंडाकडे बघून मला तुझं सांत्वन करावं लागतंय.”

तो विभागातच शिकवू लागला, तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास शिकवाल तितके पैसे, आणि उन्हाळ्यात काही नाही. कायम पद कधी निघालंच नाही. तो असाच पन्नाशी ओलांडून गेला. ज्या देशाची भाषा त्याने इतकी वर्षं शिकवली, तो देश त्याने कधी पाहिला नाही.

मी पाहिला. आमच्या कंपनीला मॉस्कोचं एक काम मिळालं. तिकडे जाणाऱ्या इंजिनीअरांना रशियन संस्कृती शिकवायला मी सुमेधला बोलावलं. त्याचं भलं करतोय अशी माझी समजूत होती. एचआरच्या बाईंनी त्याला अर्धा दिवस दिला आणि काय करावं, काय करू नये याच्या दहा स्लाइड मागितल्या. तो एकही स्लाइड न घेता आला. त्याने एवढंच सांगितलं की, तिथल्या वयस्कर माणसाशी काम करणार असाल तर आधी त्याच्या वडिलांचं नाव माहीत करून घ्या. आणि सराव म्हणून त्याने टेबलाभोवती प्रत्येकाला स्वतःचं आणि वडिलांचं नाव विचारायला सुरुवात केली. एक मुलगा म्हणाला, “सर, पण आपण फर्स्ट नेम बेसिसवर असतो ना क्लायंटशी?” एचआरच्या बाईंनी सुमेधला बाजूला घेऊन वडिलांचं नाव ही वैयक्तिक माहिती आहे, असं विचारणं आमच्या धोरणात बसत नाही, असं समजावलं. मग त्याने विचारलं, “आणि आडनाव? ते बसतं का धोरणात?” बाईंना कळलं नाही. मला कळलं, आणि मी बिस्किटांच्या बशीकडे बघत राहिलो. त्यांनी पुन्हा त्याला बोलावलं नाही. पुढे आमच्या एका पोराने तिथल्या सत्तरीच्या मुख्य अभियंत्याला ‘हाय मीशा’ अशी थेट घरच्या लाडक्या नावाने सुरुवात करून मेल लिहिली आणि उत्तर यायला तीन आठवडे लागले, तेव्हा टाइम झोनची अडचण असेल असं बैठकीत ठरलं.

मी दोनदा मॉस्कोला जाऊन आलो. परतल्यावर चॉकलेटचा मोठा डबा घेऊन येरवड्याला गेलो. त्याने डबा बाजूला ठेवला आणि लहान मुलासारखं विचारायला लागला. बसथांब्यावर लोक एकमेकांशी काय बोलतात, भाजीवाली हिशेब करताना पुटपुटते का, म्हातारी माणसं अनोळखी मुलांना दटावतात का... मला यातलं काहीच माहीत नव्हतं. ऑफिस, हॉटेल, गाडी. सगळे इंग्रजी बोलत होते. “म्हणजे तू हडपसरहून हडपसरलाच जाऊन आला,” तो म्हणाला आणि चहा टाकायला उठला. त्या दिवशी त्याचा आवाज चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

आता जूनबद्दल लिहायला हवं. विद्यापीठाचा नियम असा की वर्गात ठरावीक संख्या भरली नाही तर वर्ग बंद. संध्याकाळच्या प्रमाणपत्र वर्गाला खरी शिकणारी मुलं चार-पाच यायची, संख्या भरायला दोन-तीन कमी पडायची. मग सुमेध दर जूनमध्ये ओळखीपाळखीत फिरायचा. मी दरवर्षी माझं नाव घालायचो. अर्धं एम. ए. केलेला माणूस दरवर्षी पहिलीत कसा बसतो, असं कार्यालयात कोणी विचारलं नाही. रशियनकडे बघतंय कोण? वर्गात मात्र मी एकदाही गेलो नाही. ट्रॅफिक, क्लायंटचे फोन, गुडघा... फी भरताना मला फार उदात्त वाटायचं. एकदा बोलूनही दाखवलं, की बाबा, तुझा वर्ग चालावा म्हणून माझ्याकडून तेवढंच. तो म्हणाला, “तुले काय वाटते, मले समजत नाही का बे? तू फी नाही भरत. दंड भरतो. दंड भरला की सिग्नल तोडायला मोकळा.” आणि पावती माझ्या खिशात कोंबली. वर्ग चालू राहायला हवा होता, म्हणून त्याने माझ्यासारख्याचंही नाव पटावर चालवून घेतलं. त्याच्यासारख्या माणसाला ते किती जड गेलं असेल, याचा विचार मी हल्ली करतो. हल्ली करून काय उपयोग?

यंदाच्या सत्राच्या मध्यावर तो झोपेतच गेला. विभागात शोकसभा झाली. मोठा फोटो, हार, समई. गावाकडून त्याची बहीण आली होती, तिला पहिल्या रांगेत बसवलं आणि पुढे कोणी तिच्याशी बोललं नाही. वक्त्यांनी त्याच्या साधेपणाचं कौतुक केलं. ज्याला तुम्ही कधी पक्की नोकरी दिली नाही तो साधा राहणार नाही तर काय होणार? विभागप्रमुख शेवटी बोलायला उठले. आवाज भरून आला होता, तो खरा असेलही. म्हणाले की सरांची जागा कोणी घेऊ शकत नाही, म्हणून त्यांच्याबद्दलच्या आदरापोटी प्रमाणपत्र वर्ग तूर्त स्थगित करत आहोत, त्यातून काही विद्यार्थी पटावर असले तरी प्रत्यक्षात येत नाहीत असं लक्षात आलं आहे. सगळ्यांनी माना हलवल्या. मागच्या बाकावर चार मुलं बसली होती, त्यांनी नाही हलवल्या.

मी उभा कसा राहिलो ते मला सांगता येणार नाही. मला मित्र म्हणून बोलण्यासाठी आधीच दहा मिनिटं मिळाली होती, त्यात माझं रडून झालं होतं. आता पुन्हा उठलेलो बघून प्रमुखांना वाटलं मला आणखी एक आठवण सांगायची आहे. ते म्हणाले, “अहो, वेळ झालाय, पण आपण बोला.”

“मी पटावर आहे,” मी म्हणालो. “माझं सत्र अजून संपलेलं नाही. सोमवारपासून मी वर्गाला येणार आहे.”

कोणीतरी हसलं. प्रमुख समजुतीने म्हणाले, भावना समजतात, पण शिकवणार कोण? तेव्हा मागे त्या चार मुलांशेजारी बसलेली एक मुलगी उभी राहिली. तिचं नाव ऋतुजा. सुमेधकडे ती तीन वर्षं शिकली, पुढे तिने एम. ए. केलं, आता दिवसा हडपसरलाच माझ्या शेजारच्या इमारतीत नोकरी करते आणि वर्ग चालवायला सुमेधला मदत करायची. ती म्हणाली, तासिका तत्त्वावर मी शिकवीन, तसा अर्ज आत्ता देते. शोकसभेत अर्ज घेण्याची पद्धत नाही, असं प्रमुख म्हणाले. पण बहिणीसमोर, त्या फोटोसमोर, नाही म्हणण्याचीही पद्धत नव्हती. सत्र संपेपर्यंत वर्ग चालेल, पुढचं जूनमध्ये बघू, असं ठरलं. ग्रुपवर मी हे टाकलं. कॅनडाच्या बाईंनी टाळ्या पाठवल्या. नाव घालायला मात्र अजून तरी कोणी आलेलं नाही.

सोमवारी मी वर्गात गेलो. चार मुलं आणि मी. बाकात गुडघा बसेना, म्हणून पाय बाहेर काढून बसलो. ऋतुजाने मला उभं केलं आणि इथे का आलात ते रशियनमध्ये सांगा, म्हणाली. मी सुरुवात केली. एक वाक्य झालं, दुसऱ्याला अडलो, मग सरळ इंग्रजी शब्द घुसवून वेळ मारून नेऊ लागलो, जशी आमच्या धंद्यात रीत आहे. तिने चूक दाखवली नाही, शब्द पुरवला नाही, ‘असू दे’ही म्हणाली नाही. ती फक्त खिडकीपाशी गेली आणि बाहेर बघत उभी राहिली. शेजारचा मुलगा माझ्याकडे झुकून हळूच म्हणाला, “काका, सर पण असंच करायचे. तुम्हाला नीट सापडेपर्यंत बाहेर बघायचे. एकदा तर अर्धा तास...”

बाहेर दिवे लागले होते. तिची पाठ माझ्याकडे होती आणि ती वळणार नाही, हे स्पष्ट होतं. मी पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरुवात केली.